जावयाच्या वाणाला तेहतीस सफरचंदं

१९ डिसेंबर २०२५, शुक्रवार

आजपासून सफरचंदाच्या तिन्ही झाडांचं पाणी बंद. वीस दिवस एक थेंब द्यायचा नाही. मग पानं उतरवायची, छाटणी करायची, मग पाणी सोडायचं, तेव्हा कुठं फूल. लातूरला काश्मीरसारखी थंडी नाही, म्हणून झाडाला फसवावं लागतं. हे सगळं वीरेशरावांनी समजावून सांगितलं. रोपंही त्यांचीच. लग्नाला दोन महिने झाले नसतील, स्वतःच्या कृषी सेवा केंद्रातून घेऊन स्वतः गाडीवर आणून दिली. बाकीचे जावई सासऱ्याला काय देतात? मिठाईचा डबा, तोही सासरवाडीहून आलेला!

उंची: पहिलं १९८ सें.मी., दुसरं २०४, तिसरं १७१. पहिली दोन अ‍ॅना जातीची, तिसरं डोरसेट. चौतीस वर्षं मोजणी खात्यात लोकांच्या जमिनी मोजल्या, आता झाडं मोजतो. बायको रत्नम्मा म्हणते, "ओ, टेप लावल्यानं झाड वाढतंय व्हय?" वाढत नसेल. पण मोजलेलं बरं असतं.

दुपारी आमची पोरगी अंबिका आली. शिरूर अनंतपाळहून एस.टी.नं, एकटी, फोन न करता, दोन बॅगा घेऊन. मी म्हणालो, "संक्रांतीला अजून टाइम हाय की गं." म्हणाली, "आले असंच, आप्पा." डाव्या मनगटाच्या जरा वर पट्टी होती. तव्याचा चटका बसला म्हणे. पहिल्यापासून हिला घाईच लई.

संध्याकाळी वीरेशरावांचा फोन. पाणी तोडलं का ते विचारलं, मग अंबिका नीट पोचली का ते विचारलं. जावई असावा तर असा.


८ जानेवारी २०२६, गुरुवार

पानगळ केली. एकेक पान हातानं उतरवायचं, बुडाशी असलेला फुटीचा डोळा मोडू द्यायचा नाही. मी आणि अंबिका मिळून चार तास. पोरीचा हात हलका आहे, एक डोळा मोडला नाही तिनं. माझ्याकडून तीन मोडले.

मधेच फाटकासमोर कुणाची तरी मोटरसायकल थांबली, तर ही हातातलं सगळं टाकून घरात पळाली. गॅसवाला होता. रत्नम्माला म्हणालो, पोरगी फार भित्री झालीय, बसून बसून होतं असं. रत्नम्मा उठून पोरीच्या मागं आत गेली. एरवी एका शब्दाला चार देणारी बाई.

पट्टी काढलीय. खूण राहिली आहे, मनगटापासून चार बोटं वर, साधारण तीन सें.मी., एका बाजूला टोक. तव्याची असती तर गोलसर हवी होती. तव्याच्या कडेची असेल.


१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. वीरेशराव येतील असं वाटलं होतं, आले नाहीत. दुकानात खताची गाडी उतरायची होती म्हणाले. फोनवर अर्धा तास बोललो. पाणी किती द्यायचं, बुडाला सोयाबीनचं भुसकट किती जाड पसरायचं, सगळं सांगितलं. मग नेहमीचं: अंबिका काय करून राहिली, कुठं गेली होती का, कुणी भेटायला आलतं का. मी सगळं सांगतो. लपवायचं काय त्यात? म्हटलं, बसस्टँडजवळ औषधाचं दुकान आहे, तिथं नोकरी धरतीय एक तारखेपासून. डी.फार्म. केलंय, घरी बसून बेजार होते. मालक चांगला माणूस आहे. नावही सांगितलं. "बरं झालं मामा सांगितलं," म्हणाले.

रत्नम्मा दाराआडून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "सगळंच सांगावं लागतंय का ओ तुम्हाला?" नवऱ्याला बायकोचं सांगू नये तर कुणाला सांगावं?


२० जानेवारी, मंगळवार

नोकरीचं फिसकटलं. मालकाचा निरोप आला, जागा भरली. आठ दिवसांपूर्वी तर हात जोडून बोलावत होता! लोकांच्या जिभेला हाड नाही राहिलं. अंबिका जेवली नाही. मी म्हणालो, जाऊ दे, तशीही तुला सासरी जायचंच आहे ना, नोकरीला किती दिवस टिकली असतीस.

डोळे फुगायला लागलेत. झाडांचे.


६ फेब्रुवारी, शुक्रवार

फूल! पहिल्या झाडावर, पूर्वेकडच्या फांदीला, जमिनीपासून ११२ सें.मी. वर. पांढरं, कडेला गुलाबी. मी शेजारच्या बापूसाहेबांना हाक मारून बोलावलं. हे निवृत्त मास्तर, त्यांची गच्ची आमच्या परसावरच येते. दोन वर्षं त्यांनी माझी टिंगल केली होती, अमृतराव, आता केशर पण लावा म्हणून. आले, चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाले, "हरलो." मला लई आनंद झाला. लगेच फोटो काढून वीरेशरावांना पाठवला.


११ फेब्रुवारी, बुधवार

तिन्ही झाडं भरून गेलीत. ८७ गुच्छ. इथं मधमाशीचा भरवसा नाही, म्हणून चार दिवस झाले ब्रशनं डोरसेटचे पराग अ‍ॅनाच्या फुलाला लावून राहिलो. सकाळी आठ ते अकरा. मान आखडली. पण काम असं चाललंय की जेवणाची आठवण होत नाही.


१५ मार्च, रविवार

विरळणी केली. एका गुच्छात एकच फळ ठेवायचं. काढून टाकताना जीव तुटत होता, पण वीरेशरावांचा हुकूम. राहिली ५८. लिंबाएवढी झालीत.

आज पंचांग बघताना एक गोष्ट डोक्यात आली आणि तेव्हापासून चैन नाही. यंदा अधिक महिना! १७ मेपासून. धोंड्याचा महिना, तीन वर्षांनी येतो. मागचा आला तेव्हा अंबिकाचं लग्न व्हायचं होतं, म्हणजे हा आमचा पहिलाच. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस नगांचं वाण द्यायचं. लोक अनारसे देतात, बत्तासे देतात. मी सफरचंदं देणार! त्यांनी दिलेल्या झाडांची, लातुरात पिकलेली, तेहतीस. आणि त्याच दिवशी अंबिकाची पाठवणी. एवढ्या लांबलेल्या माहेरपणाबद्दल आता पाहुणे विचारायला लागलेत, त्यांची तोंडंही बंद होतील.

रत्नम्माला सांगितलं. तिचं माहेर भालकीचं. म्हणाली, "आपल्या लिंगायतात याला शास्त्र न्हाई." म्हटलं, शास्त्र नसेल, अख्खं लातूर घालतंय. तुझ्या भावानं नाही का घातलं मागच्या वेळी?

अंबिका तिथंच भांडी लावत होती. "तेहतीसच लागतात का, आप्पा?" तिनं विचारलं. मी म्हणालो, एक कमी झालं तरी वाण होत नाही. ५८ आहेत, काळजी नको. मला बरं वाटलं, पोरगी इतक्या दिवसांत पहिल्यांदा काही विचारत होती.


१२ एप्रिल, रविवार

४१ अंश. झाडांवर हिरवी जाळी बांधली, बांबूच्या काठ्या रोवून. ५२ राहिलीत. उन्हानं गळ होते थोडी, ठीक आहे.

तारीख ठरली. ३१ मे, रविवार, पौर्णिमा. वीरेशराव हो म्हणाले. त्यांच्याकडचे आठ, आपले तीसेक. पाहुण्यांना फोन सुरू केले.

या उकाड्यात अंबिका पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून बसते. मी म्हणालो, अगं आजारी पडशील. म्हणाली, मला थंडी वाजते. थंडी? एप्रिलमध्ये? रक्त कमी झालं असेल. पालक आणला.

रत्नम्मा आज एकदम म्हणाली, "पोरीला इथंच राहू द्या की." मी चिडलो. म्हणालो, अशानंच पोरींचे संसार बसत नाहीत. आईनं लाडावून ठेवायचं आणि बापानं जगाला तोंड द्यायचं. तो माणूस रोज फोन करतो, एक दिवस चुकत नाही, आणि ही त्याच्याशी दोन मिनिटं बोलत नाही. अजून किती चांगला नवरा पाहिजे?


२७ एप्रिल, सोमवार

४५. पंधरा दिवसांत सात गेली. आणि खाली पडलेलं एकही सापडत नाही. गळालं असतं तर खाली पडलं असतं. मोजणीत अशी जमीन नाहीशी होत नसते, कुणीतरी बांध कोरलेला असतो.


५ मे, मंगळवार

४१. खारीसाठी पिंजरा लावला, भुईमुगाचे दाणे ठेवले. दाणे तसेच. राघूंनी खाल्लं असतं तर अर्धं सोडलं असतं, राघू कधी अख्खं नेत नाही. देठ तपासले. स्वच्छ तुटलेत, पिरगाळून. हे हाताचं काम आहे.

बापूसाहेबांकडे गेलो. तुमच्या भिंतीवरून आमच्या फांदीला हात पोचतो म्हणालो. एवढंच म्हणालो. त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "वीस वर्षं शेजारी आहोत अमृतराव, आणि तुम्ही मला चोर म्हणता?" मी म्हणालो, मग कोण? ते म्हणाले, "कोण तोडतं ते मी पाहिलंय. पण मी सांगणार नाही. तुमच्या घरातलं तुम्ही बघा." आणि दार लावलं.

घरातलं! आमच्या घरात तिघं. माणूस वेळेवर कसा पलटतो बघा. धोंड्याच्या यादीतून त्यांचं नाव खोडलं.


१७ मे, रविवार

अधिक महिना लागला. ३६ फळं. आता रंग येऊन राहिलाय, उन्हाच्या बाजूला तांबूस. चौदा दिवस आणि फक्त तीनचा वाव. मी सकाळ-संध्याकाळ मोजतो. जेवण जात नाही. आता कुणी एका फळाला हात लावला तर मी काय करीन मला ठाऊक नाही.

वीरेशराव म्हणाले, "मामा, कमी पडली तर मार्केटमधून आणा, कोण बघतंय?" असं कसं? मग त्याला काय अर्थ राहिला?


२२ मे, शुक्रवार

सगळं लिहायचं असं ठरवलंय.

सकाळी मोजली तेव्हा ३४. जेवण झाल्यावर झोपायला जातो असं सांगितलं आणि मागच्या दाराच्या पडद्याआड खुर्ची टाकून बसलो. सव्वा दोन वाजता, कडक उन्हात, अंबिका अनवाणी परसात आली. जाळी उचलली. एक फळ हातात धरलं, पिरगाळलं, ओढणीत टाकलं. मग दुसरं धरलं.

माझं डोकं फिरलं. जाळीची एक काठी भिंतीला उभी होती, ती उचलली आणि ओरडत धावलो. "अंबे! तू? तू?" मी मारणार नव्हतो. काठी हातात होती एवढंच. पण ती खाली बसली. मटकन. दोन्ही हातांनी डोकं झाकलं, गुडघ्यात तोंड खुपसलं आणि एका दमात म्हणत राहिली, "चुकलं, चुकलं, परत न्हाई करणार, तोंडावर नको, तोंडावर नको."

तोंडावर नको.

मी या पोरीला सव्वीस वर्षांत एक चापट मारली नाही. आमच्या घरात कुणीच कुणावर हात उचलत नाही, माझ्या वडिलांनीही कधी उचलला नाही. मग असं बसायला ही कुठं शिकली? डोकं असं झाकायचं, कोपर असं पुढं आणायचं, हे एकदा मार खाऊन येत नाही.

काठी कधी टाकली मला आठवत नाही. मी तिच्यासमोर उन्हात बसलो. तिला हात लावायची भीती वाटली. रत्नम्मा धावत आली, तिनं आधी पोरीला जवळ घेतलं आणि मग तिची उजवी बाही खांद्यापर्यंत वर केली. "बघा," म्हणाली. "टेप हाय न्हवं खिशात? मोजा."

इस्त्रीच्या टोकाच्या खुणा. एकाखाली एक. मी मोजल्या नाहीत.

रत्नम्माला संक्रांतीपासून ठाऊक होतं. मला का सांगितलं नाही विचारलं, तर म्हणाली, "सांगायला आले की तुम्ही जावयाची आरती सुरू करायचे. पोरीनं शपथ घातली, आप्पांना सहन व्हायचं न्हाई म्हणून. मी पण भ्याले. माझं चुकलंच."

फळं भुसकटाच्या ढिगाखाली बादलीत होती. अंबिका म्हणाली, "तेहतीस झाली न्हाईत तर तुम्ही बोलावणार न्हाई, असं वाटलं, आप्पा. आज दोन तोडली की झालं असतं. एकच राहिलं."


२३ मे, शनिवार

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मनात जे आलं ते खरं लिहितो, लाज वाटली तरी.

मनात आलं की अडतीस माणसांना बोलावलंय. मनात आलं की वीरेशराव तसे नाहीत, कामाच्या ताणात एखाद्या वेळी हात उठला असेल, चारचौघांत बसवून समज दिली तर सुधारतील. मनात हेही आलं की अंबिका थोडं वाढवून सांगत असेल. इस्त्रीच्या खुणा बघून आल्यावर हे मनात आलं. असा बाप आहे मी.

दहा वाजता फोन लावला. त्यांनी आधी झाडांची चौकशी केली. मी म्हणालो, झाडं राहू द्या, माझ्या पोरीच्या हातावर काय केलंत? ते रडायला लागले. खरंच रडले. "मामा, माझं चुकलं. रागात भान राहत न्हाई. पण माझा जीव हाय तिच्यावर. रोज तुम्हाला फोन करून विचारत न्हाई का मी?" मी विरघळलो, खोटं कशाला बोलू. म्हणालो, नोकरी करू द्या तिला, मन रमेल, घरात शांतता राहील.

तर म्हणाले, "ते नोकरीचं मीच मोडलं की. तुम्ही नाव सांगितलं म्हणून बरं झालं. दुकानदाराला फोन केला, म्हटलं ही बाई घर सोडून आलेली हाय, ठेवली तर तुझ्या दुकानापुढं येऊन बसतो. तुमच्यामुळंच मामा, तुम्ही सगळं सांगत होता म्हणून मी शांत होतो. कुठं जाती, कुणाशी बोलती, समजत होतं."

मी फोन ठेवला.

पाच महिने रोज संध्याकाळी मी त्याला माझ्या पोरीची खबर देत होतो. खुर्ची टाकून, चहा पीत. मला वाटलं माझ्या झाडांसाठी फोन येतो.


२४ मे, रविवार

सगळ्यांना फोन करून कळवलं, धोंडा नाही. अर्ध्यांनी कारण विचारलं. पहिल्या दोघांना तब्येतीचं सांगितलं. तिसरा फोन रत्नम्माच्या भावाचा, त्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, "भावजी, असं तोडून बोलू नका, पोरीची जात हाय." मी म्हणालो, माझी पोरगी आहे, तिची जात मला नका शिकवू. मग पहिल्या दोघांनाही परत फोन करून खरं सांगितलं.

मग बापूसाहेबांकडे गेलो. दारातच म्हणालो, मी चुकलो. ते म्हणाले, आत या. चहा केला स्वतः, घरात एकटेच असतात. त्यांना फळांचं माहीत होतं, बाकीचं नव्हतं. "ती तोडताना रडायची," म्हणाले, "म्हणून मी गप्प बसलो. शेजाऱ्यानं किती बोलावं तेच कळत नाही." त्यांच्या ओळखीच्या एक वकीलबाई आहेत, बुद्धप्रिया नावाच्या, त्यांची विद्यार्थिनी. नंबर दिला.

अंबिकाची मी अजून माफी मागितलेली नाही. शब्द सापडत नाहीत. दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो.


३१ मे, रविवार

तो आला. येऊ नका म्हणून सांगूनही आला, चुलत्याला घेऊन, पांढऱ्या गाडीत, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. अकरा वाजले होते. मी फाटकाला आतून कडी घातली आणि तिथंच उभा राहिलो.

चुलता म्हणाला, "अमृतराव, धोंड्याच्या महिन्यात जावई दारात हाय. जावई म्हणजे देव. फाटक उघडा."

मी म्हणालो, "देव इस्त्रीनं भाजत न्हाई."

आवाज केवढा निघाला मला कळलं नाही. समोरच्या घरातल्या बायका बाहेर आल्या. बापूसाहेब गच्चीवरून खाली आले आणि रस्त्यावरून चालत येऊन फाटकाच्या बाहेरच्या बाजूला उभे राहिले, त्या दोघांच्या आणि माझ्या मधे. सत्तर वर्षांचा माणूस, हातात छत्री.

वीरेश आधी गोड बोलला. पाया पडतो म्हणाला, फाटकातून हात घालून माझ्या पायाला हात लावायला गेला. मी मागं सरलो. मग माझ्या खांद्यावरून घराकडं बघून त्यानं हाक मारली. मोठ्यानं नाही. साध्या आवाजात. "अंबिका. तीन म्हणायच्या आत बाहेर ये. एक."

त्या आवाजानं माझ्या अंगावर काटा आला. या माणसाला मी पाच महिने ऐकलं, हा आवाज एकदाही ऐकला नव्हता. हा तिच्यासाठी राखून ठेवलेला होता.

"दोन," तो म्हणाला.

अंबिका बाहेर आली. माझा जीव गेला. वाटलं, सवयीनं निघाली. पण ती व्हरांड्याच्या खांबापाशी थांबली. अर्ध्या बाह्यांचा ड्रेस घातला होता. दोन्ही हात उघडे, सगळ्या गल्लीला दिसतील असे.

"मी येणार न्हाई," म्हणाली. "आज न्हाई, कधीच न्हाई. मोजत बस."

समोरची एक बाई मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई, हात बघा पोरीचे!" चुलत्यानं बघितलं आणि मान खाली घातली. वीरेशनं फाटकाला लाथ मारली, मला काय वाटेल ते बोलला, पोरीला बोलला, ते मी इथं लिहीत नाही. मग चुलत्यानंच त्याला गाडीत ढकललं.

ते गेल्यावर मी कडी काढली. बापूसाहेबांनी आत येऊन मला पायरीवर बसवलं. रत्नम्मा पाणी घेऊन आली, तर मी ते पिण्याऐवजी रडलो. चारचौघांत, मोठ्यानं. मग अंबिका शेजारी येऊन बसली. मी म्हणालो, "मला माफ कर गं." ती उठून गेली नाही.


४ जून, गुरुवार

बुद्धप्रियाबाईंच्या ऑफिसात गेलो, कोर्टामागच्या गल्लीत. मी, अंबिका, रत्नम्मा. तिशीच्या आसपासच्या असतील, बोलणं मोजकं. अर्जाला तारखा पाहिजेत म्हणाल्या. कधी मारलं, कधी कुणाला सांगितलं, कुणी बघितलं. अंबिकाला दिवस आठवत होते, तारखा नाही.

मी म्हणालो, तारखांची जिम्मेदारी माझी, माझ्याकडं डायरी असते, सगळं लिहिलेलं असतं. पिशवीतून वही काढली. खरं सांगायचं तर थोडा उत्साह वाटला मला. म्हटलं, चला, आपला काहीतरी उपयोग होतोय. मनगटाची खूण सापडली. नोकरीचा दिवस सापडला. बाई लिहून घेत होत्या.

मग त्यांनी अंबिकाला विचारलं, "हे सगळं तुम्ही पहिल्यांदा कुणाला सांगितलंत? आईंना?"

अंबिका म्हणाली, "अव्वाला तिचं तिलाच बघून कळलं. मी स्वतःहून आप्पांना सांगितलं होतं."

मी म्हणालो, "मला? कधी?"

"फुलं नुकतीच आली होती तेव्हा. रविवार होता. तुम्ही ब्रश घेऊन उभे होता. मी आले, बाही वर केली आणि म्हणाले, आप्पा, हे तव्याचं न्हाई, मला तिथं परत पाठवू नका. तुम्ही फुलाकडंच बघत होता. म्हणालात, सावली पडून राहिली, जरा सरक."

ती रागानं नाही बोलली. तारीख सांगावी तसं सांगितलं. "मग मी सरकले."

मी वही उघडली. रविवार म्हणजे आठ फेब्रुवारी. सहा तारीख आहे, पहिलं फूल, जमिनीपासून किती वर ते आहे. त्यानंतर एकदम अकरा. मधे काही नाही. पान परत परत उलटून बघितलं. काही विशेष घडलं नाही की त्या दिवशी मी लिहीत नाही, चाळीस वर्षांची सवय आहे.

खूप आठवून बघितलं. ब्रश आठवतो, ऊन आठवतं, डोरसेटची फांदी आठवते. पोरगी आठवत नाही.

बाईंनी विचारलं, "सापडलं का काका? वहीत नसलं तर हा मुद्दा सोडून देऊ. तुम्हाला आठवत नसेल तर समोरचा वकील त्याच्यावरच धरेल."

मी म्हणालो, "सोडू नका. आठ फेब्रुवारी लिहा. पोरीनं बापाला सांगितलं, बापानं ऐकलं नाही, असंच लिहा. कोर्टात उभं राहून मी तसं सांगतो."